धुरावर वाळवलेले शेंगदाणे

हर्षला घरतचा कंटेनर अडला, ही बातमी देवखार बंदरात सकाळच्या चहाआधी पोचली. नऊ वाजता यंत्राने लाल शेरा मारला आणि सव्वानऊपर्यंत माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटांच्या तिन्ही इमारतींत लोक एकमेकांना विचारत होते, घरतांची हर्षला का, नक्की तीच का. काहींना वाईट वाटलं. काहींना, उगाच खोटं कशाला बोला, आतून गुदगुल्या झाल्या. एकोणीस वर्षांत जिच्या कागदात एक आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता, तिचाही पाय घसरतो म्हटल्यावर बाकीच्यांना हायसं वाटायचंच.

हर्षला मात्र घाबरली होती. पडद्यावरची ओळ तिने तीनदा वाचली. ‘शेंगदाणे, एक कंटेनर. घोषित प्रक्रियेशी वास जुळत नाही. माल रोखला आहे.’

एवढ्याशा ओळीला इतकं घाबरायचं कारण बंदराबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. परदेशातून खायची वस्तू येते तेव्हा जहाज धक्क्याला लागायच्या तीन दिवस आधी सरकारला पूर्वसूचना द्यावी लागते. सतरा रकान्यांचा फॉर्म असतो. माल काय, कुणी पिकवला, कुठे भरला, कशावर वाळवला, कुठल्या जहाजातून येतोय, उतरल्यावर कुणाच्या ताब्यात जाणार. एक रकाना चुकला की माल यार्डात उन्हात पडून राहणार. पूर्वी असं झालं तर खिडकीवर जाऊन साहेबाच्या हातापाया पडता यायचं. नव्या कायद्याने खिडकीच बंद केली. आता सूचना भरणाऱ्या प्रत्येकाला शंभरपैकी भरवसांक होता. चूक झाली की तो घसरायचा, आणि एकदा घसरला की वर चढायला वर्षं जायची. ऐंशीच्या खाली गेलेल्याला कुणी दारात उभं करत नसे. हर्षलाचा भरवसांक शंभर होता. सगळ्या किनारपट्टीवर असा एकच. तिच्या थोरल्या भावाची, जितूदादाची, ‘घरत क्लिअरिंग’ ही चार टेबलांची फर्म त्याच शंभरावर उभी होती.

चुका टाळायची तिची युक्ती काही गुपित नव्हती. या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीच शिकवतात, की कोरा फॉर्म कधी उघडायचा नाही. आधी पास झालेली एखादी फाइल घ्यायची, तिची नक्कल करायची आणि वजन, जहाज, कंटेनर नंबर, तारीख एवढंच बदलायचं. पास झालेल्या फाइलीत चूक नसते, कारण ती पास झालेली असते. हर्षला हे इतरांपेक्षा काटेकोरपणे करायची, इतकंच. कुणी मागितली तर स्वतःची फाइल देऊनही टाकायची. तिच्या नकलांच्या नकला तिन्ही इमारतींत फिरत होत्या.

ती यार्डात पोचली तेव्हा बाळाराम कोळी कंटेनरपाशी उभा होता. बाळाराम नमुनेवाला. एके काळी पोत्यातले दाणे काढून तोंडात टाकायचा आणि चावता चावता सांगायचा, माल कसा आहे, किती दिवसांचा आहे, ओल लागली आहे का. त्याच्या शब्दावर जहाजं रिकामी होत. आता ते काम नाक करत होतं. सरकारी कागदांत त्याचं नाव गंधवेध, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. कंटेनरच्या झरोक्याला नळी लावली की आतली हवा दोनशे अतिपातळ पापुद्र्यांवरून जायची. प्रत्येक पापुद्रा वेगळ्या वायूने शहारायचा, विजेच्या प्रवाहात बारीकसा फरक पडायचा, आणि त्या दोनशे फरकांचा मिळून त्या मालाचा एक ठसा उमटायचा. धान्य मेलेलं नसतं, ते सतत काही ना काही हवेत सोडत असतं. त्याला कीड लागली तर वास बदलतो, ते भाजलं, धुरावर धरलं तरी बदलतो. कुत्र्याला कळणार नाही एवढा फरक नाकाला कळायचा. बाळारामकडे आता फक्त नळी लावायचं काम उरलं होतं.

“तुमीच हुंगा ताई,” तो म्हणाला आणि दार उघडून बाजूला झाला.

हर्षलाने मूठभर दाणे घेतले. कोरडे, खडखडीत, उन्हात तापलेल्या टरफलांचा गोडसर वास. एका नव्या पुरवठादाराचा पहिलाच माल होता हा. तिने एक दाणा चावला. इतका चांगला दाणा तिने कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. मग यात न जुळण्यासारखं काय होतं, ते तिला कळेना.

बाळारामने इकडे तिकडे पाहिलं आणि तिला पुढच्या रांगेत नेलं. तिथे जुन्या पुरवठादाराचे अकरा कंटेनर उभे होते, तेही शेंगदाण्यांचेच, तिनेच कागद भरलेले. सगळ्यांवर हिरवा शेरा. दुपारी चारला गेटातून बाहेर पडणार होते. त्याने एकाचं दार उघडलं. ती आत वाकली आणि झटक्यात मागे आली. बंद खोलीत ओलं गोणपाट महिनाभर पडून राहावं तसला वास होता. बाळारामने फाटक्या पोत्यातून ओंजळभर दाणे काढून तिच्यापुढे धरले. दाण्यांवर पिवळट हिरवी भुकटी होती.

तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. हा वास काही आजचा नव्हता. तीन वर्षांपासून येत होता, आधी अगदी थोडा, मग दर खेपेला थोडा जास्त. कसलाही माल पाठवला तरी देवखारला पास होतो, हे तिकडच्या लोकांना कळलं असावं. यंदा तर कहर होता. नळी लावताना तो तोंडावर फडकं धरायचा, पण नाक हिरवा शेरा द्यायचं.

“मग काका, तुम्ही बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलू? माझ्या नाकाचा रकाना फॉर्मात हाय कुठं?”

हर्षला ऑफिसात आली ती धावतच. आपण काय शोधतोय हे तिला नीट ठाऊक नव्हतं, पण कुठे शोधायचं ते ठाऊक होतं. शेंगदाण्यांची सगळ्यात पहिली फाइल. तीन वर्षांपूर्वी इकडचा भुईमूग ओळीने दोन हंगाम गेला आणि दाणे बाहेरून आणायची वेळ आली, तेव्हाची. त्या दिवशी जहाज वेळेआधी येतंय असा निरोप आला होता, म्हणून तिने हाताशी असलेली एक फाइल उघडून नक्कल केली होती. ती फाइल मसाला वेलचीची होती. मसाला वेलची उन्हात वाळवत नाहीत, भट्टीच्या धुरावर वाळवतात. तिने मालाचं नाव बदललं, वजन बदललं, जहाज, तारीख, पुरवठादार, सगळं बदललं. अकरावा रकाना राहिला. ‘प्रक्रिया: धुरावर वाळवलेले.’

शेंगदाणे धुरावर कुणी वाळवत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती फाइल पास झाली. आणि पास झाली म्हणून पुढची तिच्यावरून झाली, आणि तिच्या पुढची त्या नकलेवरून. तिने मोजल्या. चारशे बारा.

खरी भीती तिला इथे वाटली, कारण नाक कसं शिकतं हे तिला माहीत होतं. प्रशिक्षणाच्या दिवशी एजंटांना ते कौतुकाने सांगितलं होतं. नाकाला विष कळत नाही. चांगलं काय, वाईट काय, हेही कळत नाही. कागदावर लिहिलंय ते आणि हवेत आहे ते जुळतं की नाही, एवढंच त्याला कळतं. आणि जुळणं म्हणजे काय, हे ते सर्वांत भरवशाच्या माणसाच्या कागदांवरून शिकतं. तीन वर्षांपूर्वी यंत्र कोवळं होतं. हर्षला घरत म्हणते हे शेंगदाणे धुरावरचे आहेत, आणि यांना असा कोंदट वास येतोय. म्हणजे धुरावरच्या शेंगदाण्यांचा वास असाच असणार. पुढच्या खेपेला वास थोडा वाढला, तरी तो कालच्या वासाच्या जवळच होता. पायरीपायरीने त्याने बुरशीला शेंगदाण्याचा नैसर्गिक गंध म्हणून मान्यता दिली. प्रयोगशाळेत नमुना जायचा तो फक्त नाकाने अडवलेल्या मालाचा. त्यामुळे बुरशीचा माल कधी तपासलाच गेला नाही, आणि आज चांगला माल आला तर तो अडला.

बुरशीचं ते विष दिसत नाही, त्याला स्वतःचा वास नसतो, आणि दाणे भाजले तरी ते जात नाही. यकृतात साचत राहतं. लहान मुलांच्या जास्त.

सतरावा रकाना, माल कुणाच्या ताब्यात जाणार तो, तिने मुद्दाम पाहिला नाही. पाहायची गरजच नव्हती. माल लाडवांच्या कारखान्यात जात होता आणि लाडू अंगणवाड्यांत. तिची वहिनी, नूतन, गावच्या अंगणवाडीत सेविका होती. गेल्या आठवड्यापासून घरात जेवताना एकच विषय होता, की पाच मुलांचे डोळे पिवळे झालेत. दवाखान्यात म्हणाले पाण्यामुळे असेल, म्हणून वहिनी रोज हंडाभर पाणी उकळून थंड करत होती. जितूदादाची नात स्वरदा चार वर्षांची, तीही त्याच अंगणवाडीत जायची. परवापासून तिने जेवण टाकलं होतं.

हर्षलाने वहिनीला फोन लावला आणि आजपासून लाडू वाटू नको म्हणून सांगितलं. वहिनीने का म्हणून विचारलं. वरून तपासणी यायची आहे, असं काहीतरी ती बोलून गेली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून तोंड धुऊन आली.

जितूदादाने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा दार लावलं. तो वाईट माणूस नव्हता. पण त्यांच्या वडिलांची खाजणातली सगळी जमीन बंदरात गेली होती आणि प्रकल्पग्रस्त म्हणून तिच्या बदल्यात हा एक परवाना मिळाला होता. गेला तर पुन्हा मिळायचा नव्हता. तो म्हणाला, गाजावाजा करू नकोस, अकराही सूचनांची गुपचूप दुरुस्ती टाक, नाक माल अडवील, प्रयोगशाळा काय ते बघेल. तिलाही ते पटलं. तिने पहिल्या सूचनेत अकरावा रकाना बदलला. ‘उन्हात वाळवलेले.’

डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. ‘ही नोंद आपल्या मागील ४१२ सूचनांशी विसंगत आहे. अनवधानाने झालेली चूक दुरुस्त करण्यात आली आहे. धन्यवाद.’ आणि तिच्या डोळ्यांदेखत ती अक्षरं पुसली जाऊन तिथे पुन्हा धूर आला.

तिने अकराही करून पाहिल्या. अकराही वेळा यंत्राने तिचे आभार मानले.

अन्न-आयात कक्षात दळवी मॅडम बसत. बंदरावर माणूस म्हणावा असा तेवढा एकच अधिकारी उरला होता. त्यांनी हर्षलाच्या रुमालातले दाणे हुंगले आणि त्यांचा चेहरा उतरला. पण अर्ज घ्यायचा अधिकार त्यांना होता, माल थांबवायचा नव्हता. फेरतपासणीच्या अर्जाला एकवीस दिवस लागणार आणि कंटेनर चारला सुटणार. हर्षला म्हणाली, मुलं आजारी पडतायत. मॅडम म्हणाल्या, ते मी लिहून घेते, पण तेही एकवीस दिवसांनीच वाचलं जाईल. मग समोरची नियमावली उघडून कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात त्यांनी एक नियम वाचून दाखवला. यंत्र ज्याच्या सूचनांवरून शिकलं त्याचा भरवसांक साठच्या खाली गेला, तर त्याच्या सगळ्या सूचना प्रमाणातून, म्हणजे यंत्र ज्यांच्याशी ताडून पाहतं त्या कागदांतून, वगळल्या जातात आणि त्यांच्या आधारावर सोडलेला माल त्या क्षणी आपोआप रोखला जातो.

“असं आजवर कधी झालेलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि हर्षलाला पाणी घ्यायला सांगितलं.

सव्वाबारा वाजता हर्षला आपल्या खुर्चीत बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चूक करायला लागली. चूक करणं इतकं कठीण असतं हे तिला माहीत नव्हतं. जहाजाचं नाव चुकवलं, तर यंत्राने ते जहाजाच्या नोंदीवरून सुधारलं. वजन चुकवलं, तर काट्यावरून सुधारलं. दुसऱ्या कुठल्याही कागदाशी ताडून पाहता येईल अशी तिची प्रत्येक चूक ते मायेने पुसून टाकत होतं. शंभरचा आकडा जागचा हलेना. तिला आता असलं काहीतरी हवं होतं जे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नसेल.

ते तिला सतराव्या रकान्याच्या खाली सापडलं. बारीक अक्षरांत एक ओळ होती. ‘वरील माहिती या मालासाठी मी स्वतः नव्याने तपासली आहे.’ पुढे होय आणि नाही. नक्कल केली की होय आपोआप यायचं. एकोणीस वर्षांपूर्वी एकदा वाचलेली ती ओळ तिने परत कधी वाचली नव्हती, आणि तिच्या ओळखीत दुसऱ्या कुणी वाचली असेल असंही तिला वाटलं नाही. इथे मुद्दाम चूक करायची गरजच नव्हती. खरं उत्तर द्यायचं होतं.

तिने पहिली जुनी सूचना उघडली आणि ‘नाही’ निवडलं. यंत्राने विचारलं, ही निवड अनवधानाने झाली आहे का. तिने नाही म्हटलं आणि काचेवर अंगठा ठेवला. मग दुसरी. मग तिसरी. पहिल्या चाळीस सूचनांपर्यंत यंत्र तिच्यावर विश्वास ठेवून होतं, आकडा शंभरच राहिला. एक्केचाळिसाव्याला नव्व्याण्णव झाला. तो आकडा हलला तरी तिचा हात थांबला नाही. पुढे तो भराभर उतरायला लागला. भरवसांक सगळ्यांना दिसतात. शेजारच्या इमारतींतून फोन येऊ लागले, कुणीतरी तुमच्या नावाने लबाडी करतंय म्हणून सांगायला. तिने फोन उलटा करून ठेवला. अडीच वाजता ती ऐंशीच्या खाली गेली.

पावणेतीनला जितूदादा आला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर मालकाची किल्ली. तिच्यावर एकदा बोट ठेवलं की हर्षलाचं खातं बंद.

“बास कर हर्षू. फर्म जाईल. बाबांच्या जमिनीचं शेवटचं हेच राहिलंय.”

“माहीत आहे.”

“माझ्याकडे किल्ली आहे.”

“तेही माहीत आहे, दादा,” ती म्हणाली आणि तिने पुढच्या सूचनेवर अंगठा ठेवला. तिला त्याची भीती वाटत होती, आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटत होतं.

त्याचं बोट वर उचललेलं असतानाच मोबाइल वाजला. नूतन वहिनी होती. त्याने आवाज मोठा केला. वहिनी हळू, तुटक बोलत होती, मागे दवाखान्याचा गलबला होता. स्वरदाला घेऊन ती अलिबागला आली होती. पोर झोपेतून उठत नव्हती. डॉक्टर म्हणत होते ही पाण्यातली कावीळ नाही, हिच्या पोटात काय गेलंय ते सांगा.

“सकाळी हर्षला म्हणाली लाडू देऊ नको. तिला विचारा, का म्हणाली ती.”

जितूदादाने हर्षलाकडे पाहिलं. ती मोबाइलकडे वाकली.

“वहिनी, दाण्यांना बुरशी होती. मी कागदावर धूर लिहिला होता. एकदा चुकून लिहिला आणि मग तीन वर्षं तोच कागद चालवला.”



“डॉक्टरांना काय सांगू?” वहिनीने विचारलं.

“बुरशीचं विष म्हणून सांग. अफ्लाटॉक्सिन. यकृतावर जातं. लिहून घे.”

वहिनीने कुणाकडे तरी पेन मागितलेलं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला. जितूदादा मटकन समोरच्या खुर्चीत बसला. किल्ली अजून पडद्यावरच होती. त्याने मोबाइल बंद करून खिशात टाकला आणि तो हर्षलाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

तीन वाजून वीस मिनिटांनी आकडा एकोणसाठवर आला. पडदा क्षणभर रिकामा झाला. मग यार्डाचा नकाशा उघडला आणि अकराही हिरवे ठिपके एकामागून एक लाल झाले. खाली बाहेर गेलेल्या मालाची यादी उतरू लागली, तालुका, गाव, अंगणवाडी. हर्षलाने आपलं गाव दिसायच्या आत डोळे मिटले. तिच्या पाठीवर दादाचा हात आला आणि तिला वाटलं, संपलं एकदाचं.

“हर्षू, हे काय?” जितूदादा म्हणाला.

तिने डोळे उघडले. यादीच्या वर एक नवी चौकट आली होती. ‘रिक्त प्रमाणासाठी पुढील सर्वाधिक भरवसांक निवडला आहे: जितेंद्र घरत, ९९.६. रोखलेला माल नव्या प्रमाणानुसार तपासला जात आहे.’ ती सुट्टीवर असली की जितूदादा सूचना भरायचा. कोऱ्या फॉर्मवर नाही, तिच्याच फाइलवरून. त्याचेही शेंगदाणे धुरावरचेच होते. नकाशावरचा पहिला लाल ठिपका पुन्हा हिरवा झाला. मग दुसरा.

परवाना जितूदादाच्या अंगठ्यावर होता. तिचा भरवसांक गेला तर फर्म अडचणीत येणार होती. त्याचा गेला तर परवानाच रद्द होणार होता, आज, इथे, या खोलीत.

“माझ्या किती आहेत?” त्याने विचारलं.

“शेंगदाण्यांच्या त्रेसष्ट.”

त्याने तिला उठवलं आणि तिच्या खुर्चीत बसला. त्याला काही नीट दिसत नव्हतं. कुठे दाबायचं ते ती दाखवत होती आणि तो दाबत होता. नाही. अनवधानाने नाही. अंगठा. नाही. अनवधानाने नाही. अंगठा. त्याच्या अंगठ्याला घाम येऊन काच तो ओळखेनाशी झाली, तेव्हा तिने ओढणीने त्याचा हात पुसला. थोड्या सूचना असल्यामुळे त्याचा आकडा तिच्यापेक्षा जोरात कोसळला. एक्केचाळिसाव्या सूचनेला तो साठच्या खाली गेला. त्याबरोबर परवाना रद्द झाल्याचा संदेश आला. त्याने तो वाचला आणि बाजूला सारला. अकरा ठिपके परत लाल झाले होते. चारला सात मिनिटं होती.

मग चौकट परत आली. ‘पुढील सर्वाधिक भरवसांक: विश्राम सामंत, ९९.१.’

सामंत पलीकडच्या इमारतीत बसायचे. सरळ, कष्टाळू माणूस. त्यांच्या मागे कोण होतं आणि त्यांच्याही मागे कोण, याचा विचार हर्षलाच्या मनात आला. पहिला ठिपका हिरवा होत होता.

“तू फोन लाव,” जितूदादा उठत म्हणाला. “मी गेटवर जातो. बाळारामला घेतो. ट्रेलरच्या पुढे उभे राहतो आम्ही.” आणि छप्पन्न वर्षांचा तो जाडजूड माणूस जिना उतरून पळत सुटला.

हर्षलाने फोन लावला. सामंतांनी पहिल्याच घंटेला उचलला. त्यांच्या आवाजात तिच्याविषयीची काळजी होती, सकाळपासून तिचं काय चाललंय ते त्यांनी पाहिलं होतं. तिने त्यांना बोलू दिलं नाही. घाईघाईने विचारलं, शेंगदाण्याची तुमच्याकडे जी फाइल आहे, ती माझी आहे का.

“हो ताई, तुमचीच आहे,” सामंत म्हणाले. “म्हणून तर आजपर्यंत एक चूक नाही झाली.”